रक्ताचे नाते आणि रक्ताचे गट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत प्रेमनगर, झाशी येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत मी बोलावे अशी आज्ञा झाली तेव्हा विषयाची निवड कार्यवाहांनी माझ्यावरच सोपविली होती. मी इतिहास घेऊन बी. ए. झालेला आणि आयुष्याची तीस वर्षे केंद्र शासनाच्या लेखा विभागात बेरजा तपासण्यात घालविलेला मनुष्य. तेव्हा हा गृहस्थ झाशीच्या किल्ल्यावर, किंवा फार तर महागाई भत्त्यावर बोलेल अशी आपली अपेक्षा असल्यास ती वावगी नव्हे. तथापि मी आज बोलणार आहे रक्तगटांवर. मी वैद्य नाही, जीवशास्त्रज्ञही नाही. या विषयाकडे मी वळलो तो केवळ जिज्ञासेने नव्हे, तर माझ्या हातून घडलेल्या एका अन्यायामुळे. तो अन्याय सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

झाशीत राहणाऱ्या मराठी माणसाला ‘रक्ताचे नाते’ या शब्दांचे मोल निराळे सांगावे लागत नाही. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव महाराजांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी नेवाळकर कुळातील पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. कंपनी सरकारने त्याला वारस मानले नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. औरस की दत्तक, या एका प्रश्नावर या शहराचे भवितव्य फिरले. त्या मुलाला पाठीशी बांधून किल्ल्यावरून निघालेल्या राणीसाहेबांची कथा आपण आपल्या मुलांना सांगतो. मीही सांगत आलो. आणि तीच कथा सांगणाऱ्या मी माझ्याच घरात एका लेकराच्या रक्ताचा दाखला मागितला.

ती हकीकत अशी. २००७ साली माझ्या धाकट्या भावाच्या मुलाच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि त्याच्या कार्डावर रक्तगट लिहून आला ‘बी’. माझ्या भावाचा गट ए. भावजयीच्या बाळंतपणाच्या कागदांवर तिचा गट ओ असा लिहिलेला. मला कागद जुळवून पाहण्याची खोड. आईबापांच्या गटांवरून अपत्याचे कोणते गट संभवतात याचा तक्ता मी कोठेतरी पाहिला होता. ए आणि ओ यांच्या पोटी ए होईल किंवा ओ होईल, बी होणार नाही, असे तो तक्ता सांगत होता. मी ते घरात बोलून गेलो. शब्द चारच होते, ‘हे कसे शक्य आहे?’ परंतु मंडळी, लेखापरीक्षकाच्या तोंडी हा प्रश्न आला की त्याचा अर्थ अफरातफर असाच होतो. पुढे घरात कोणी काही उघड बोलले नाही. पण एका सुनेकडे पाहण्याची दृष्टी बदलली, आणि ती चार वर्षे बदललेलीच राहिली.

आता या तक्त्यामागचे शास्त्र थोडक्यात पाहू.

माणसामाणसांच्या रक्तात भेद आहे, हे व्हिएन्नातील कार्ल लॅन्डस्टायनर यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळल्या तर कधी त्यांच्या गाठी बनतात, कधी बनत नाहीत. यावरून त्यांनी तीन गट पाडले. चौथा, म्हणजे एबी, पुढील वर्षी इतरांना सापडला. या शोधाने रक्त देण्याघेण्याच्या जुगाराला शास्त्राचे रूप आले. लॅन्डस्टायनर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कार्यासाठी.

हा भेद असतो कशाचा? तर पेशीच्या पृष्ठभागावरील काही शर्करांचा. आपल्या जुन्या घरांतील भिंतीवरची खुंटी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक तांबड्या पेशीवर अशा असंख्य खुंट्या आहेत. शास्त्रज्ञ त्या खुंटीला ‘एच’ म्हणतात. ए गटाचे जनुक त्या खुंटीवर एक पगडी अडकविते. बी गटाचे जनुक एक शेला अडकविते. एबी गटात काही खुंट्यांवर पगडी, काहींवर शेला. आणि ओ गटात खुंटी तशीच मोकळी राहते. ज्याच्या घरी पगडी नाही, त्याच्या रक्तद्रवात पगडीला शत्रू मानणारी प्रतिपिंडे असतात, शेल्याचेही तसेच. ही प्रतिपिंडे जन्मतः नसतात. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या आतड्यात जे जंतू वस्तीला येतात, त्यांच्या अंगावरही अशाच शर्करा असतात. त्यांच्याशी ओळख होता होता शरीर परके कोण ते शिकते.

प्रत्येकाला एक जनुक आईकडून व एक वडिलांकडून मिळते. ए आणि ओ गटाच्या आईबापांपाशी शेल्याचे जनुक नाही, मग मुलाला शेला मिळणार कोठून? तक्ता म्हणतो ते एवढेच. त्यात चूक काही नव्हती. चूक निराळीकडे होती.

२०११ मध्ये भावजयीच्या पोटात गाठ निघाली आणि शस्त्रक्रिया ठरली. रक्ताच्या दोन बाटल्या हाताशी असाव्यात असे डॉक्टरांनी सांगितले. ओ गट म्हणजे मिळण्यास सोपा. पण रक्तपेढीत जुळणी करताना पहिली बाटली जुळेना. दुसरी जुळेना. पाचवीही जुळेना. प्रत्येक वेळी गाठी. तेथील एका दक्ष तंत्रज्ञाने शस्त्रक्रिया थांबविण्यास सांगितले आणि तिच्या रक्ताचा नमुना मुंबईस धाडला. आठवड्याने उत्तर आले. ती ओ गटाची नव्हतीच. तिचा गट होता ‘बॉम्बे’, म्हणजे आपल्या मुंबईच्या नावाचा.

या गटाचा शोध आपल्याच माणसांनी लावलेला आहे. मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना अशा तीन व्यक्ती आढळल्या की, ज्यांच्या रक्ताशी कोणत्याही गटाचे रक्त जुळत नव्हते, ओ गटाचेही नाही. लंडनच्या रूथ सँगर, रॉबर्ट रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स या तज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांनी या रक्ताचा उलगडा केला आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला.

उलगडा असा की या लोकांच्या पेशींवर खुंटीच नाही. पगडी असो वा शेला, टांगणार कशावर? नेहमीच्या तपासणीत पगडी आहे का, शेला आहे का, एवढेच पाहिले तर दोन्ही नाहीत असे दिसते आणि कागदावर ‘ओ’ असे लिहिले जाते. मोकळी खुंटी आणि खुंटी नसलेली भिंत यांतला भेद दुरून कळत नाही. पण या लोकांच्या रक्तात खुद्द खुंटीविरुद्ध प्रतिपिंडे असतात, म्हणून ओ गटाचे रक्तही त्यांच्या जिवावर बेतू शकते. रक्तद्रवाची उलट बाजूने, ओ गटाच्या पेशींशी तपासणी केली, किंवा एका काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरून खुंटीचाच शोध घेतला, की भेद उघड होतो.

आता मुलाच्या बी गटाचे कोडे आपणांस सुटले असेल. भावजयीपाशी शेला होता, नव्हती ती फक्त खुंटी. तिने मुलाला शेला दिला, माझ्या भावाने खुंटी दिली, आणि मुलाच्या भिंतीवर तो शेला दिसू लागला. असाच प्रकार अमेरिकेतील एका इटालियन वंशाच्या कुटुंबात १९५५ मध्ये नोंदला गेला होता. तेथेही ओ भासणाऱ्या आईने अपत्याला बी दिला होता. म्हणजे मी तिच्याकडे बोट दाखविले त्याच्या अर्धशतक आधी हे छापून आलेले होते. हिशेब जुळत होता, मंडळी. मी एक खाते उघडूनच पाहिले नव्हते.

हे कळल्यावर मी वाचू लागलो आणि मला पहिला प्रश्न पडला तो असा: खुंटीवाचून जर माणूस धडधाकट जगतो, तर या खुंट्या, पगड्या आणि शेले निसर्गाने निर्माण केले तरी कशासाठी?

चाळीसहून अधिक रक्तगटपद्धती आज शास्त्राला ठाऊक आहेत, आणि त्यांपैकी काहींचे काम स्पष्ट आहे. ‘किड’ या पद्धतीची चिन्हे ज्या प्रथिनावर असतात ते पेशीतून युरियाची ने-आण करते. ‘डिएगो’चे प्रथिन कर्बवायूच्या वाहतुकीत भाग घेते. ती शरीरयंत्राची आवश्यक दारेखिडक्या आहेत आणि रक्तगट म्हणजे त्यांच्या चौकटीवरील नक्षीचा फरक. परंतु ए, बी, ओ यांचे असे दैनंदिन काम सांगता येत नाही. मुंबई गटाचे लोक हाच त्याचा पुरावा. त्यांच्या पेशींवर यांतले काहीच नाही आणि तरी ते संसार करतात, नोकऱ्या करतात, नातवंडे खेळवितात.

मग हा भेद टिकला कशामुळे? आज बहुतेक शास्त्रज्ञ त्याचे उत्तर रोगराईत शोधतात.

आपल्याला ठाऊक असलेला हिवताप घ्या. त्याच्या घातक प्रकारात रोगट तांबडी पेशी आपल्याभोवती निरोगी पेशी चिकटवून घेते व बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. पगडी-शेले हे त्या चिकटण्याला आधार देतात. मोकळ्या खुंटीच्या ओ गटात ही पकड सैल पडते. आफ्रिकेतील माली देशातील मुलांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत निरोगी मुलांत ओ गटाचे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते, तर गंभीर हिवतापाच्या रुग्णांत ते सुमारे २१ टक्केच आढळले. ‘डफी’ नावाच्या पद्धतीची कथा याहून नाट्यमय आहे. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर डफीचे चिन्ह नसते. हिवतापाचा दुसरा एक जंतू नेमके तेच दार वापरून आत शिरतो, असे १९७६ मध्ये दिसून आले. ज्यांचे दारच बुजलेले, त्यांच्या घरी तो सहसा शिरू शकत नाही.

यावरून ओ गट श्रेष्ठ, असे कोणी म्हणेल. पण पटकी आली की पारडे फिरते. ओ गटाच्या माणसाला पटकी झाली तर ती अधिक तीव्र स्वरूपाची होते. गंगेच्या मुखाकडील बंगालच्या प्रदेशात, जेथे पटकीचे ठाण पिढ्यान्‌पिढ्यांचे, ओ गटाचे प्रमाण कमी आणि बीचे अधिक आहे. याचे एक कारण पटकी असावे, असे संशोधकांचे मत आहे. ए आणि बी गटांत रक्त साकळण्याचा एक घटक ओ गटापेक्षा अधिक असतो. जखम झाली तर तो उपकारक, पण रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोकाही त्यामुळे वाढतो. एका साथीत जे कवच, तेच दुसऱ्या साथीत छिद्र.

आणखी एक तर्क मला फार मार्मिक वाटला. काही विषाणू एका माणसाच्या पेशीतून बाहेर पडताना त्या पेशीचेच पांघरूण अंगावर घेऊन निघतात. ए गटाच्या घरून निघालेल्या विषाणूच्या अंगावर पगडी असते. तो बी किंवा ओ गटाच्या माणसाकडे गेला, तर तेथील प्रतिपिंडे ती परकी पगडी ओळखून त्याला उंबरठ्यावरच अडवू शकतात. सर्व गावाचा गट एकच असता तर साथ घराघरांतून विनाअडथळा धावली असती. माझा शेजारी माझ्याहून वेगळा आहे, यात माझेही रक्षण आहे.

या भेदाचे वय किती असावे? आनुवंशिक लिपी वाचणाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखविले की ए आणि बी हा भेद माणसात, गिबन वानरात आणि अन्य माकडांतही एकाच पूर्वपरंपरेने आलेला आहे. तो निदान दोन कोटी वर्षांचा जुना आहे. मनुष्यजात म्हणून आपले वय त्यापुढे कालचे. चिंपांझींत ए आणि थोडे ओ आढळतात, गोरिलांत बी आढळतो. म्हणजे या एका बाबतीत बी गटाचा मनुष्य ए गटाच्या सख्ख्या भावापेक्षा गोरिलाला अधिक जवळचा! सभागृहातील बी गटाच्या मंडळींनी रागावू नये. एक गोष्ट आणखी. बहुतेक प्राण्यांत ही चिन्हे आतड्याच्या अस्तरावर आणि लाळेसारख्या स्रावांत असतात. तांबड्या पेशींवर ती केवळ मानव व वानर यांच्या कुळातच आढळतात. जंतूंशी पहिली गाठ पडते ती आतड्यातच. तेव्हा ‘रक्तगट’ हे नावही काहीसे अपुरेच म्हणावे लागेल.

ए आणि बी या दोन जनुकांतील महत्त्वाचा भेद अवघ्या चार ठिकाणचा आहे. आणि नेहमी आढळणारा ओ निर्माण झाला तो लिपीतील एक अक्षर गळून. आपल्या इतिहासात ‘ध’ चा ‘मा’ झाला आणि एका पेशव्याचा जीव गेला, असे सांगतात. निसर्गाच्या दप्तरातही एक अक्षर गळाले, पुढचे सारे वाक्य निरर्थक झाले आणि पगडी टांगण्याची आज्ञाच वाचता येईनाशी झाली. पण त्या चुकीने कोट्यवधी जीव हिवतापातून तरले. चूक कोणती आणि उपकार कोणता, हे काळच ठरवितो.

आता ज्यांना रक्तावरून माणसांची प्रतवारी लावण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. पहिल्या महायुद्धात सालोनिका येथे लुडविक व हान्ना हिर्शफेल्ड या दांपत्याने अनेक देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत आपले हिंदी शिपाईही होते आणि बी गटाचे प्रमाण त्यांच्यात सर्वाधिक निघाले. १९१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि मग काही देशांत रक्तगटांवरून वंशांची उच्चनीचता ठरविण्याचे उद्योग चालले. ते सारे व्यर्थ गेले. प्रमाण कमी-अधिक असते. पण मुख्य गट जवळजवळ सर्वत्र आढळतात. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये रक्तगट आणि रक्तातील प्रथिने यांवरून हिशेब मांडला, तेव्हा मानवजातीतील भेदांपैकी सुमारे ८५ टक्के भेद एकाच समाजातील माणसामाणसांत निघाले. समाजासमाजांतला वाटा उरला तो थोडका. जात, कूळ, गोत्र यांचा शिक्का रक्तावर शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मुंबई गटाने मात्र आपल्या चालीरीतींवर एक सूचक बोट ठेवले आहे. हा गट येण्यासाठी खुंटी न बनविणारे जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून यावे लागते. युरोपात असा माणूस सुमारे दहा लाखांत एक. मुंबईत सुमारे ७,६०० त एक. आपल्याकडील नोंदलेल्या व्यक्तींत महाराष्ट्रातील सर्वांत अधिक. भारतातील या गटाच्या लोकांत जनुकाचा दोष बहुधा एकच निघतो, म्हणजे तो कोणा एका प्राचीन पूर्वजाकडून आलेला असावा. मामाची मुलगी करण्याची आपली जुनी चाल अशा दुर्मीळ जनुकांच्या जोड्या जुळविते. माझ्या भावजयीचे आईवडील हे आते-मामे भावंडेच. मी चालीला दोष देत नाही, कारण या गटात रोग असा काही नाही. परंतु परमुलखात राहणारी आपली मंडळी नात्यागोत्यातच सोयरीक पाहतात, तेव्हा हे ठाऊक असावे.

भावजयीला आम्ही पंजाब मेलने मुंबईस नेले. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात या विषयाची राष्ट्रीय संस्था आहे. ती १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली आणि डॉ. भाटिया यांनी पुढे तिची धुरा वाहिली. अशा गटाच्या व्यक्तीच्या सख्ख्या भावंडांत तोच गट निघण्याचा संभव चारात एक असतो, असे तेथे समजले. तिचा सांगलीचा भाऊ आला आणि त्याचा गट जुळला. दुसरी बाटली दिली ती नोंदीतील एका अनोळखी दात्याने. निरोप मिळताच तो कामावरून परस्पर आला, रक्त देऊन, चहा घेऊन निघून गेला. त्याचे नाव, गाव, जात आम्हांस कळली नाही. मुंबई गटाच्या माणसाच्या पेशी गरज पडल्यास कोणत्याही गटाच्या माणसाला चालतात. तो सर्वांस देऊ शकतो. घेऊ मात्र केवळ आपल्यासारख्याकडून शकतो.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. झाशीस परतल्यावर मी माझ्या भावापुढे आणि आईपुढे भावजयीची क्षमा मागितली. ती एवढेच म्हणाली, ‘भाऊजी, मला चार वर्षांपूर्वी विचारले असते, तर मी तेव्हाच पुन्हा रक्त तपासून घेतले असते.’ मी तिला विचारलेच नव्हते. मी तक्त्याला विचारले होते. आजचे हे भाषणही मी तिच्या संमतीने, किंबहुना तिच्या आग्रहावरून करीत आहे.

तेव्हा मंडळी, माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, प्रत्येकाने आपला रक्तगट दोन्ही बाजूंनी तपासून घ्यावा. कार्डावर ‘ओ’ असेल आणि रक्त जुळत नसेल तर मुंबई गटाची शंका अवश्य घ्यावी. दुसरी, या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने आपल्या सभासदांची रक्तगटांची यादी करावी आणि ज्याचा गट दुर्मीळ निघेल त्याचे नाव, त्याच्या संमतीने, मुंबईच्या नोंदीत पोहोचवावे. तिसरी, आईबाप व मूल यांचे रक्तगट जुळत नाहीत असे दिसले, तर घरात एक शब्दही बोलण्यापूर्वी तज्ज्ञाकडे जावे.

या शहराने एकदा रक्ताच्या नात्यापायी राज्य गमावले. दत्तक पुत्राला पाठीशी बांधणाऱ्या त्या माउलीने नाते कशाने ठरते हे दाखवून दिले होते. मला ते कळण्यास एका अनोळखी माणसाची रक्ताची बाटली पाहावी लागली. माझा तो पुतण्या आता मोठा झाला आहे आणि वर्षातून दोनदा रक्तदान करतो. गट बी. कार्डावर तो गट वाचताना आज मला अभिमान वाटतो.